वाद्य पेटीतले की संगणकातले?



समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे याच तालुक्यातले. त्यामुळे घनसावंगीच्या व्यासपीठावर संतवाङ्मयावरची व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली असतील. आज मात्र आपल्यापुढे जो उभा आहे तो ना पंडित, ना गवई. नववीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते जालन्याच्या लोखंडी मिलच्या फाटकावर, सार्वजनिक वाचनालयात आणि जाणत्या माणसांना न लाजता विचारून. आयुष्य कामगार संघटनेत गेले. अशा माणसाने सिंथेसायझरवर का बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका मुलाच्या प्रश्नात आहे.

गेल्या दिवाळीत याच तालुक्यातला एक तरुण माझ्याकडे आला. भजनी मंडळात पेटी वाजवतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात जातो. आईने बचतगटातून साठ हजार रुपये उचलून दिलेले. तो म्हणाला, "काका, चांगला कीबोर्ड घेऊ, का लॅपटॉप घेऊन त्यात सॉफ्टवेअर टाकू? दुकानदार म्हणतो कीबोर्ड घे, पुण्याचा मित्र म्हणतो आता पेटीत काही राहिले नाही, सगळे संगणकात आले." मी म्हटले, "बाळा, मला महिनाभर दे." त्या महिन्यात वाचले, विचारले, कानांनी ऐकले. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी माझी एक चूक सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचे बोलणे अपुरे राहील. 1996 च्या सुमारास एका बँडपथकातून पाच माणसांना काढून टाकले. मालकाने एक कीबोर्ड आणि एक पॅड आणला. क्लॅरोनेट गेले, युफोनियम गेले, दोन ट्रंपेट गेले, साइड ड्रम गेला. ती माणसे माझ्याकडे आली. मी तरुण होतो, रक्त गरम होते. चौकात सभा घेतली आणि त्या कीबोर्डवर तोंडसुख घेतले. पण तो वाजवणारा पोरगा पाच माणसांचे काम करून मजुरी एकाचीच घेत होता, त्याला मी संघटनेत बोलावले नाही. त्याला शत्रू समजलो. पुढे चार-पाच वर्षांत डीजे आला आणि तो पोरगाही घरी बसला. यंत्राला शिव्या देऊन मी एकाचाही रोजगार वाचवला नाही. म्हणून आता यंत्र दिसले की आधी ते समजून घेतो.

तर सिंथेसायझर म्हणजे काय? सतारीत तार थरथरते, बासरीत हवा थरथरते. सिंथेसायझरमध्ये विजेचा दाब थरथरतो. तो सेकंदाला 440 वेळा खालीवर झाला आणि त्याप्रमाणे स्पीकरचा पडदा हलला, की आपल्याला एक ठराविक स्वर ऐकू येतो. या यंत्राचे मुख्य भाग तीन. पहिला ऑसिलेटर, म्हणजे स्वराची विहीर. कच्चा, खरखरीत आवाज येथून निघतो. दुसरा फिल्टर, म्हणजे चाळणी. आवाजातले तीक्ष्ण अंश गाळून तो मऊ करायचा की तसाच ठेवायचा, हे येथे ठरते. तिसरा एन्व्हलप, म्हणजे पाटाचे दार. कळ दाबल्यावर आवाज एकदम सुटावा की हळूहळू चढावा, बोट उचलल्यावर तुटावा की रेंगाळावा, हे त्या दाराच्या उघडझापीवर अवलंबून. विहीर, चाळणी आणि दार एवढे ध्यानात ठेवले तर बाजारातला कोणताही सिंथेसायझर आपल्याला परका वाटणार नाही.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी 1964 साली आपले यंत्र लोकांपुढे मांडले. ते कपाटाएवढे, आणि त्यात भाग जोडायला तारांचे जंजाळ. 1970 साली त्याचेच लहान रूप निघाले, मिनीमूग. आपल्या देशात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 सालीच मूगचे मोठे यंत्र येऊन पोचले होते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात मिनीमूग रुळवणाऱ्यांत केरसी लॉर्ड यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. ही सगळी यंत्रे खऱ्या अर्थाने विजेची. त्यांना अॅनालॉग म्हणतात. कळ एक सप्तक वर दाबली की आत एक व्होल्ट वाढतो आणि स्वर दुप्पट वेगाने थरथरतो, असा साधा हिशेब.

मग 1983 साली दोन गोष्टी घडल्या. यामाहा कंपनीचा डीएक्स-7 आला. त्यात विजेच्या थरथरीऐवजी आकड्यांचे गणित होते. ते तत्त्व स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी 1967 साली शोधले होते. आणि त्याच वर्षी मिडी नावाची सर्वांची मिळून एक भाषा ठरली. कोणती कळ, किती जोराने, केव्हा दाबली एवढेच ती सांगते. त्यामुळे एका कंपनीच्या कळांनी दुसऱ्या कंपनीचे यंत्र वाजू लागले. इकुतारो काकेहाशी आणि डेव्ह स्मिथ हे एकमेकांच्या स्पर्धेतले दोन कारखानदार. पण या कामासाठी ते एकत्र बसले, आणि 2013 साली त्याबद्दल दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळाले. पुढे 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती संगणकांची ताकद एवढी वाढली, की संपूर्ण सिंथेसायझरच प्रोग्रॅम म्हणून त्यात बसू लागला.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. आपल्याकडे ज्याला सरसकट कॅसिओ म्हणतात, तो दुकानातला कीबोर्ड बहुधा आकड्यांवरच चालतो. म्हणजे तोही संगणकच. फक्त त्याला पेटी, कळा आणि बटणे आहेत आणि तो दुसरे काम करीत नाही. तेव्हा दुकानदार आणि पुण्याचा मित्र यांचे भांडण बरेचसे लटके आहे. दोघेही प्रोग्रॅमच विकतात, एक पेटीसकट आणि एक पेटीवाचून. "खरे वाद्य विरुद्ध नक्कल" हा वाद खऱ्या अर्थाने लागू पडतो तो जुन्या अॅनालॉग यंत्रांना.

त्या यंत्रांची नक्कल हुबेहूब होते काय? संगणक आवाज सलग धरीत नाही. सेकंदाला 44,100 वेळा मोजून त्याचे आकडे करतो. याच्या निम्म्यापर्यंतची, म्हणजे 22,050 पर्यंतची थरथर त्याला बरोबर पकडता येते, आणि माणसाचा कान फार तर 20,000 पर्यंत ऐकतो. हे पुरेसे वाटते. पण प्रोग्रॅम निष्काळजीपणे लिहिला, तर त्या मर्यादेवरचे अंश नाहीसे न होता उलटे फिरून खाली येतात आणि भलत्याच स्वरात बसतात. चित्रपटात पळणाऱ्या बैलगाडीचे चाक कधी उलटे फिरताना दिसते, तसाच हा प्रकार. दुसरी अडचण चाळणीची. जुन्या यंत्रात गाळलेला आवाज थोडा परत फिरवून पुन्हा चाळणीत सोडतात. त्यातूनच ती ओळखीची शीळ येते. वीज हे त्याच क्षणी करते. पहिल्या पिढीचा संगणक मात्र एक आकडा मागे राहत असे, आणि कानाला ते किंचित बोचे. आता त्यावर चांगले गणिती उपाय निघाले आहेत. लग्नाच्या मांडवात, मोठ्या स्पीकरवर, ढोलकी आणि हलगीच्या जोडीला, मूळ आणि चांगली नक्कल यांतला भेद सांगणारा कान मला तरी भेटला नाही.

मग जुन्या यंत्रांचा एवढा बोलबाला का? याचे उत्तर मुंबईतच आहे. चरणजीत सिंग हे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे वादक. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रे मिळवली: टीबी-303, टीआर-808 आणि ज्युपिटर-8. 1982 साली या तिघांवर त्यांनी भैरव, कलावती, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. टीबी-303 हे यंत्र एकट्या गिटारवाल्याला साथ म्हणून, खर्जाची गिटार वाजवण्यासाठी बनवलेले. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची एक सोय आहे. चरणजीत सिंगांच्या कानाला त्या घसरण्यात मींड ऐकू आली. तबकडी फारशी खपली नाही. यंत्रही खपले नाही. सुमारे दहा हजार नग बनवून 1984 मध्ये कंपनीने ते बंद केले. पडेल भावात विकली गेलेली तीच यंत्रे अमेरिकेत शिकागोच्या गरीब पोरांच्या हाती पडली आणि 1987 साली त्यांतून अॅसिड हाउस नावाचे नवे संगीत जन्मले. 2010 साली चरणजीत सिंगांची तबकडी परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक थक्क झाले: हा माणूस पाच वर्षे आधीच तेथे पोचला होता! सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोपात कार्यक्रम केले. 2015 साली ते मुंबईत निवर्तले.

या कथेचा अर्थ काही लोक असा काढतात, की ते यंत्रच जादूचे होते. म्हणून आज मूळ टीबी-303 ला लाखांचा भाव येतो. मला वाटते, त्या यंत्रापाशी यमन ऐकणारा कान बसला होता, म्हणून ते घडले. बाकीचे नग कपाटात पडून राहिले, ते यंत्राच्या दोषामुळे नव्हे. आज त्याची पेटीतली प्रतिकृती मूळ किमतीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पैशांत मिळते आणि संगणकातली प्रतिकृती त्याहून स्वस्त. घनसावंगीच्या मुलाने लाखांच्या मागे धावण्याचे कारण उरलेले नाही.

आता आपल्या मातीतली परीक्षा घेऊ. पहिली उन्हाची. अॅनालॉग यंत्रातला स्वर ज्या सिलिकॉनच्या गुणधर्मावर उभा असतो, तो दर अंश तापमानाला सुमारे एक तृतीयांश टक्क्याने बदलतो. सकाळी 25 अंशांत जुळवलेले यंत्र दुपारी 42 अंशांत गेले आणि आत भरपाईची सोय नसेल, तर एका सप्तकात शेजारच्या दोन कळांमधल्या अंतराच्या निम्म्याहून अधिक फरक पडतो. कारखानदार भरपाई करतात. तरीही जुन्या यंत्रांना तापून स्थिर व्हायला वेळ लागतोच. संगणकाचा स्वर उन्हाने ढळत नाही. पण मे महिन्याच्या मांडवात लॅपटॉप स्वतःच तापतो, स्वतःला वाचवण्यासाठी संथ होतो, आणि मग आवाज फाटतो.

दुसरी परीक्षा विजेची. दिवे गेले की बॅटरीची सोय नसलेला कीबोर्ड मुका होतो. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, मात्र स्पीकरही चालला पाहिजे. तिसरी धुळीची. कीबोर्डच्या कळांखाली धूळ जाते, पण जालन्याचा कारागीर तो उघडून पुसून देतो. लॅपटॉप बिघडला तर वाद्य, घरचा हिशेब आणि मुलीचा अभ्यास असे सगळे एकदम अडते.

चौथी परीक्षा उशिराची. कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंत संगणक आकड्यांची एक रास भरतो. ती 256 आकड्यांची असेल तर सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे 6 भाग, म्हणजे 6 मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज दोन मीटर चालतो. म्हणजे स्पीकर आपल्यापासून दोन मीटर दूर ठेवल्यासारखेच. ते चालते. पण रास 1,024 ची ठेवली तर 23 मिलिसेकंद होतात, आणि आपलाच हात आठ मीटरवरून वाजतो आहे असे वाटू लागते. ढोलकीच्या लग्गीला मग साथ जमत नाही. पेटीतल्या कीबोर्डचा हा उशीर कारखान्यातच आवरलेला असतो. लॅपटॉपवाल्याला तो स्वतः आवरावा लागतो, आणि त्यासाठी आवाजाची एक वेगळी डबी, ऑडिओ इंटरफेस, घ्यावी लागते. तिची किंमत दुकानदार आधी सांगत नाही.

पाचवी परीक्षा हाताची आणि आपल्या गाण्याची. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दार बंद केले, ते तीन दशके नीट उघडले नाही. आक्षेप हाच होता, की तिचे स्वर ठोकून बसवलेले, तिच्यात मींड नाही. सिंथेसायझरला एक चाक किंवा दांडी असते. तिने स्वर वाकवता येतो. घेताना ते चाक हाताला कसे लागते ते पाहावे, आणि एकेक स्वर थोडा वरखाली जुळवण्याची सोय आहे का ते विचारावे. संगणकात ही सोय पुष्कळदा अधिक सूक्ष्म असते. पण उंदराने मींड काढता येत नाही, त्याला चांगल्या कळा जोडाव्याच लागतात.

आता माझ्या धंद्याचा प्रश्न: हत्यार कोणाच्या मालकीचे? सुताराचा रंधा सुताराचा असतो. कीबोर्ड घेतला की तो आपला. गरज पडली तर विकता येतो, पोराला देता येतो. सॉफ्टवेअर पुष्कळदा विकत मिळत नाही, वापरण्याची परवानगी मिळते. काही ठिकाणी तर दरमहा भाडे. भाडे थांबले की वाद्य थांबले. रीबर्थ नावाचा एक प्रोग्रॅम टीबी-303 आणि टीआर-808 ची नक्कल करणाऱ्या पहिल्या नामांकित प्रोग्रॅमांपैकी. त्याची आयपॅडवरची आवृत्ती, मूळ यंत्राच्या कंपनीने हक्काचा मुद्दा काढल्यावर, 2017 साली विक्रीतून काढून घ्यावी लागली. पेटीतले वाद्य असे दुकानातून कोणी परत नेत नाही.

पण पेटीचेही अमरत्व मानू नका. टीआर-808 चा एक आवाज कारखान्याने नापास ठरवलेल्या ट्रान्झिस्टरांवर अवलंबून होता; चांगले ट्रान्झिस्टर बनू लागले आणि नापास मिळेनासे झाले, म्हणून ते यंत्र थांबले, असे खुद्द काकेहाशी सांगत. जुन्या कीबोर्डात एक लहान बॅटरी असते, ती संपली की साठवलेले आवाज पुसले जातात. आणि संगणकाच्या बाजूला एक मोठी चांगली गोष्टही आहे. सर्ज नावाचा सिंथेसायझर पूर्वी विकला जाई. 2018 साली त्याच्या कर्त्याने तो सर्वांना खुला केला, आणि आता जगभरचे लोक मिळून त्याची निगा राखतात. डीएक्स-7 ची डेक्स्ड नावाची नक्कलही अशीच फुकट. ज्याला सहकार समजतो त्याला याचे मोल सांगायला नको. मात्र पेनड्राइव्हवर चोरलेले सॉफ्टवेअर घेऊ नका. ते लिहिणाराही कामगारच आहे, आणि त्याची मजुरी बुडवून आपल्या मजुरीची मागणी करणे शोभत नाही.

मजुरीवरून आठवले. 1982 साली ब्रिटनमध्ये वादकांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांवर बंदी मागणारा ठराव केला. संपूर्ण संघटनेने ते धोरण स्वीकारले नाही, आणि यंत्रे काही थांबली नाहीत. मुंबईतही ज्या गाण्यांना साठ-सत्तर वादक बसत, ती पुढे दोनचार माणसांत होऊ लागली. उलट 2016 च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन जिवंत वाद्यवृंद वापरला, आणि मराठी माणसाने तो फरक ऐकला. तेव्हा यंत्र आले म्हणून माणूस निरुपयोगी झाला असे नाही. पण पाचांचे काम एकाने करायचे, तर पाचांच्या मजुरीतला वाटा कोणाकडे जातो हे विचारलेच पाहिजे. 1996 मध्ये मी हेच विचारले नव्हते.

तर त्या मुलाला मी काय सांगितले? म्हटले, "तुझे पोट मांडवात आहे. म्हणून आधी एक जुना पण कळा चांगल्या असलेला, स्वर वाकवता येणारा, मिडी किंवा यूएसबीची जोडणी असलेला कीबोर्ड घे. निम्म्या पैशांत बसव. घेण्यापूर्वी डोळे मिटून, ज्या स्पीकरवर वाजवणार त्याच स्पीकरवर ऐक. घरात भावाचा लॅपटॉप आहे. त्यात आधी फुकटची सॉफ्टवेअरे टाकून सहा महिने आवाज बनवायला शीक. विहीर, चाळणी, दार. ध्वनिमुद्रणाचे काम येऊ लागले तरच आवाजाची डबी आणि विकतचे सॉफ्टवेअर घे, आणि घेताना पाच वर्षांचे भाडे कागदावर मांड. उरलेले पैसे आईला परत कर." जो घरीच बसून ध्वनिमुद्रण करतो त्याला मी हाच क्रम उलटा सांगेन: आधी संगणक, मग साध्या कळा.

त्याने तसे केले. अठ्ठावीस हजारांत कीबोर्ड आला, बचतगटाचे पहिले चार हप्ते वेळेवर गेले. या सराईत एका गावी दुपारी कीबोर्ड चालला आणि शेजारच्या पथकाचा लॅपटॉप उन्हाने बसला. दुसऱ्या गावी त्याच्या कीबोर्डातला आवाज नवरदेवाच्या मित्रांना पसंत पडेना, तेव्हा घरी लॅपटॉपवर बनवलेला आवाज उपयोगी आला. दोन्हींचे गुणदोष त्याला आता पुस्तकावाचून समजले आहेत.

आणखी एक झाले. तालुक्यातले तिघे कीबोर्डवादक गेल्या महिन्यात माझ्या ओट्यावर बसले आणि एका रात्रीचा किमान दर ठरवून उठले. त्याच्या खाली कोणी जायचे नाही, आणि ज्या कार्यक्रमात ढोलकीवाल्याला वगळले जाईल तेथे दर दीडपट. हे किती दिवस टिकेल ते पाहायचे. चौथा वादक तीर्थपुरीकडचा आहे. त्याला अजून भेटायचे आहे. सभेला तो आला असेल तर व्याख्यान संपल्यावर कृपा करून मला भेटावे.